बंडी बाहेर काढा

भगवानरावांनी मोबाइल खाटेवर आपटला. यवतमाळला कॉम्प्युटर शिकणाऱ्या, सुटीत घरी आलेल्या लेकीनं, नयननं, स्वतः बनवलेला गेम त्यांना खेळायला दिला होता. वावरात कापसानं भरलेली बैलबंडी उभी होती, ती डांबरी रस्त्यावर आणायची, एवढंच काम. चार वेळा खेळले, चारही वेळा बंडी अडकली. उजवीकडे वळवली की नाला, डावीकडे काटेरी कुंपण, मागे फिरवली की विहीर. रस्ता समोर दिसत होता, पण तिथवर पोचायला वाटच नव्हती.

"हा काय भुलभुलैया बनवला वं? मानसानं आपल्याच वावरातून निंगाचं तरी कुठून?"

"धुऱ्याधुऱ्यानं पाहा ना, बाबा. पहिले वाट होती तिथं."

भगवानराव चवताळून पुन्हा बसले. वावराच्या बांधाबांधानं एकेक धुरा पालथा घालत शेवटी एका चिंचेखाली पोचले. तिथून जुनी वाट थेट रस्त्याला लागत होती, पण वाटेवर तुरीच्या दाट ओळी उभ्या होत्या.

"कोन्या हरामखोरानं पांदनीवर तूर पेरली? भेटू दे मले, हातच तोडतो त्याचे!"

बोलता बोलता त्यांची नजर चिंचेवर गेली. तिची एक फांदी विजेनं जळालेली होती. अशी चिंच अख्ख्या शिवारात एकच होती.

नयन त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

"तोडा मंग हात," ती म्हणाली. "बंडी धुऱ्यापलीकडच्या बेबीकाकूची हाये, अन् तूर आपली."