उतरायला जागा

ड्रोन डोक्यावर घोंगावत होता, पण खाली येत नव्हता.

"सिस्टर, खाली माणूस आहे," फोनवरून सत्यजीत म्हणाला. तो तिकडे शिरूरला स्क्रीनसमोर बसून ड्रोन चालवत होता. "खाली कुणी असलं की तो उतरतच नाही. चार मिनिटं थांबता येईल. मग मला तो माघारी घ्यावाच लागेल, बॅटरी पुरणार नाही."

मार्था सिस्टरनं समोर पाहिलं. आरोग्य केंद्राच्या अंगणात फक्कीनं आखलेल्या गोलाच्या मधोमध धुरपदा उभी होती. दोन्ही हातांनी पदर पसरलेला, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. बाकीची माणसं सांगितल्याबरोबर कुंपणापर्यंत मागं सरली होती. ही तेवढी जागची हलली नव्हती.

आत खाटेवर तिचा मुलगा ज्ञानदेव पडला होता. सकाळी गुरांसाठी कडवळ कापताना त्याला घोणस चावली. पाय पोटरीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता आणि आता हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ऊसतोडीच्या टोळीतले दोघं कालच सर्पदंशाचे म्हणून आले होते. त्यांच्यासाठी विषावरची बरीच लस वापरली गेली होती आणि त्यांतल्या एकाला घेऊन केंद्राची गाडी आज पहाटे पुण्याला गेली होती, ती अजून परतायची होती. उरलेल्या दोन बाटल्या डॉक्टर अनुपमांनी ज्ञानदेवाच्या सलाइनमध्ये सोडल्या. अजून आठ हव्या होत्या. त्या आठ बाटल्या आता अंगणातल्या नारळाच्याही वर लटकत होत्या.

"धुरपदाकाकू, बाजूला व्हा. त्याला खाली येऊ द्या."

"माझ्या पदरातच यिऊ दे त्याला," डोळे न उघडता धुरपदा म्हणाली. "मी मागितलंय. आता पदर आवरला तर माघारी जाईल त्यो."

"आवो, देव न्हाई त्यो. मशीन हाय. शिरूरवरनं औषध घिऊन आलंय."

"आसंल. पर धाडलं कुणी?"



"सिस्टर, तीन मिनिटं," सत्यजीत म्हणाला.

मार्थानं तिचा दंड धरायला हात पुढं केला, आणि तो तसाच मागं घेतला. प्रार्थनेला उभ्या असलेल्या माणसाला ओढायचं नसतं, हे ती लहानपणी चर्चच्या बाकावर बसून शिकली होती. शिवाय ओढली असती तर म्हातारी हटून बसली असती. मार्था तिला ओळखून होती.

तिनं फोन कमरेला खोचला, धुरपदाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आपल्या पांढऱ्या साडीचा पदर पसरला.

"काकू, मीबी मागते तुमच्यासंगं. दोघी मिळून मागू. पर इथं नको, तिकडं भिंतीपाशी. पाव्हणा दारात आला तर आपण त्याच्या वाटंत उभं ऱ्हातो का?"

धुरपदानं डोळे उघडले. शेजारी पसरलेला दुसरा पदर तिनं पाहिला, मग मार्थाचं तोंड पाहिलं.

"पदर आसाच धरू?"

"आसाच धरा. माझाबी धरलाय बघा."

दोघी वर बघत, पदर तसेच धरून, एकेक पाऊल मागं सरत भिंतीला टेकल्या. "देवबापा, उतरू दे," मार्था पुटपुटली. तिचं मागणं कुणाकडं हे धुरपदानं विचारलं नाही. "व्हय, उतरू दे," तिनं नुसती साथ दिली.

ड्रोन डगमगला, सावरला आणि सरळ खाली आला. फक्कीचा पांढरा धुरळा दोघींच्या अंगावर उडाला. पाती थांबेपर्यंत मार्थाला दम निघेना. पाती थांबली तशी धावत जाऊन तिनं डबा सोडवला आणि आत पळाली.

दिवस कलता कलता हिरड्यांतलं रक्त थांबलं. सूज गुडघ्याच्या वर चढली नाही. पुण्याहून गाडी परत आली तेव्हा ज्ञानदेव चहा मागत होता, आणि डॉक्टर अनुपमा त्याला चहा नको, पाणी घे, असं सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रोन परत आला. केंद्रात ठेवायला लस घेऊन आला होता आणि जाताना रक्ताचे नमुने नेणार होता. मार्थानं नमुन्यांच्या नळ्या बंद पेटीत ठेवल्या, पेटी डब्यात बसवली. तेवढ्यात धुरपदा आली. ओटीतून तिनं दोन सीताफळं काढली.

"त्या फोनवरल्या पोराला धाड. शिरूरच्या."

"न्हाई जमायचं, काकू. ह्यात फकस्त औषध आन् नमुने न्यायचे. तसा नियमच हाय."

"बरं," धुरपदा म्हणाली. पण फळं तिनं परत ओटीत टाकली नाहीत. तशीच हातावर धरून उभी राहिली.

तीस वर्षांच्या नोकरीत मार्थानं एकही नियम मोडला नव्हता. ती जरा वेळ रजिस्टर चाळत राहिली. मग उठून तिनं डबा पुन्हा उघडला, नमुन्यांच्या पेटीशेजारी कापूस अंथरला आणि हात पुढं केला.

डबा ड्रोनला लावून ती बाजूला झाली. फोन वाजला.

"सिस्टर, नमुने दोनच आहेत ना? मला इथं अर्धा किलो वजन जास्त दिसतंय. डब्यात आहे काय?"

मार्थानं धुरपदाकडं पाहिलं.

"शिरूरला जरा हळू उतरव," ती म्हणाली. "पिकलेली आहेत."