निर्वासित बाई हवी

"हसू नकोस गं!" चारुशीलाने पुन्हा कॅमेरा खाली घेतला. "तू निर्वासित आहेस. लग्नातली करवली नव्हेस."

तवमणीला हसू आवरेना. कुवेतच्या सलवा भागातल्या या घरात ती वर्षानुवर्षं केरवारे, धुणीभांडी, रांधणंवाढणं करत आली; पण असे दात दाखवताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. आज सकाळी तिच्या श्रीलंकेतून फोन आला होता. तिकडची लढाई एकदाची थांबली होती, आणि हिवाळ्यापासून जिचा ठावठिकाणा नव्हता ती तिची लेक वासुकी तारांच्या कुंपणातल्या एका छावणीत सापडली होती. एकटी, पण जिवंत.

फोन ठेवून तवमणी ओट्याखालीच फतकल मारून बसली, तेव्हा घरच्या मालकीणबाईंचं, प्रभाताईंचं, मन पाघळलं. "जा गं बाई, लेकीला भेटून ये. कपाटात ठेवलेला तुझा पासपोर्ट काढून द्यायला सांगते यांना." यांना म्हणजे बाळासाहेबांना. ते अहमदीला तेल कंपनीत मोठे साहेब. घरात मात्र चहासुद्धा विचारून प्यायचे. प्रभाताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि श्रीलंकेतल्या त्याच छावण्यांसाठी आज महिला मंडळाच्या पेट्या प्रभाताईंच्या दिवाणखान्यात भरल्या जात होत्या. कुणाच्या साडीला इस्त्रीचा चटका, कुणाचा फॉल उसवलेला. ब्लाउजपीस तर विचारूच नका. दर हळदीकुंकवाला या घरातून त्या घरात फिरून आलेले, कात्री न लागलेले. प्रभाताईंनी संक्रांतीला मंडळातल्या कुसुमला दिलेला जांभळा तुकडा कुसुमच्याच पिशवीतून निघाला. प्रभाताईंनी डोळे वटारले आणि तो पेटीत टाकला. घरातली जुनेरं गेल्याशिवाय पुण्य कसलं लागतंय!

मंडळाच्या स्मरणिकेला फोटो हवा होता. देणाऱ्या प्रभाताई, पैठणी नेसून तयारच होत्या. घेणारी कुठून आणायची?

"आहे की तुमच्या घरातच," चारुशीला म्हणाली होती. मग पेटीतलीच एक विटकी साडी तवमणीच्या झग्यावरून गुंडाळली, तिला खाली बसवलं, पदर पसरायला लावला.

आणि ही बया हसतेय.

"कांदा चिरून आणू का?" कुसुम म्हणाली.

"कांद्यानं डोळे रडतात, तोंड नाही रडत," चारुशीला वैतागली. "असा फोटो छापला तर लोक म्हणतील, हिला कशाला हवीय मदत? चांगली खाऊनपिऊन सुखी दिसतेय."

साडी पुढे धरून प्रभाताईंचे हात भरून आले होते. "सरा गं. माझी बाई आहे, मला ठाऊक आहे तिला कशी रडवायची ती." त्या खाली वाकल्या. "तवमणी, तुझी सुट्टी रद्द. पासपोर्ट मिळायचा नाही."

आधी दात झाकले गेले. पदर तसाच पसरलेला राहिला. मान तेवढी वर झाली.

"अस्सं!" कॅमेरा चमकला. "पहिल्या पानावर घालू हा!"

बायका खुश झाल्या. प्रभाताईही हसल्या. "अगं वेडे," म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सोफ्यावरून त्यांची सून सुखदा पोटावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं आई, तुम्हीच बोललात. मी सकाळपासून म्हणणारच होते. माझं बाळंतपण तोंडावर आलेलं. ही गेली तर सगळं करणार कोण?"

"आणि एकदा लेक दिसल्यावर परत येतेय होय!" कुसुमने री ओढली.

सगळ्या प्रभाताईंकडे बघू लागल्या. चेष्टा केली, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की चारचौघींत सून तोंडघशी पडणार, आणि मग बाळाची दुपटी धुवायची कुणी? प्रभाताईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. कुवेतला आल्यापासून त्या हातांना साबण फक्त जेवणाआधी लागत होता.

"दिवाळीनंतर बघू," त्या म्हणाल्या.

तवमणी उठली. तिने अंगावरची साडी सोडली, घडीवर घडी घातली, पेटीत सगळ्यात वर ठेवली. चारुशीला चिकटपट्टी घेऊन आली, तरी तिने साडीवरचा हात उचलला नाही.

"अगं, हो बाजूला," प्रभाताई म्हणाल्या.

"अम्मा," तवमणीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "पेटीला जाऊ देणार ना?"