जुईचा हट्ट

लंगोट बदलण्याआधी आईने सवयीने खिडकी लावून घेतली. पाय फाकवले की जुई किंचाळायची आणि शेजारच्या कुंदावहिनी ओरडून विचारायच्या, "अहो, पोरीला मारताय की काय?"

जुई सात वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे तिला ना चालता येई, ना बोलता. तिच्या रडण्याला आई हट्ट समजे. "नाटकं पुरे," म्हणत एकदा तिने मांडीवर सणसणीत चापटही मारली होती. अशा मुलांचा खुबा हळूहळू निखळू शकतो म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला दर सहा महिन्यांचा एक्स-रेही तिने टाळला होता. जी चालणारच नाही, तिच्या खुब्याचं काय बघायचं? शेवटी निखळलेला खुबा ऑपरेशन करून बसवावा लागला.

त्याला आता तीन महिने झाले होते. आईने श्वास रोखून जुईचे पाय दूर केले. जुई पंख्याकडे बघून हसली.

"आज गप्प कशी हो लेक? हट्ट सोडला वाटतं!" भिंतीपलीकडून वहिनी म्हणाल्या.

आईने खिडकी सताड उघडली. "हट्ट नव्हता, वहिनी. दुखत होतं तिला."

मग ती जुईजवळ येऊन बसली. पण त्या मांडीवर हात ठेवायचा तिला धीर होईना.