दादाचं कलम

प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी नियमावली उद्या प्रसिद्ध होणार होती. समितीची रीत अशी, की शेवटच्या बैठकीत एकानेही हरकत म्हणून समोरची नावाची पाटी उभी केली, तर दुरुस्ती बाद. आज त्या बैठकीत, समितीत असलेल्या धाकट्या बहिणीने दादानेच लिहिलेल्या कलमात चूक दाखवून दुरुस्ती सुचवली. चूक खरी होती, हे त्यालाही मनातून कळत होतं. पण जो तो तिचं कौतुक करू लागला, तसा त्याचा जळफळाट झाला. हिला पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं कोणी? अन् टाळ्या हिला! अध्यक्षांनी विचारलं, “घ्यायची ना दुरुस्ती?” त्याने पाटी उभी केली. “हिचं ठिगळ माझ्या कलमाला नको. त्यापेक्षा अख्खं कलमच काढून टाका!” बहीण हळूच म्हणाली, “दादा, मलाही तेच सुचवायचं होतं रे. पण तुला वाईट वाटेल, म्हणून ठिगळावर भागवलं.”