अम्माच्या हातची गोळी

"आ कर," अम्मा म्हणाली. बालाजीरावाने गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "आता तू." अम्मानेही आपली गोळी गिळली. रक्तदाबाची, म्हणे.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, रम्याचा, जळफळाट झाला. एवढा मोठा घोडा, ओरगडमच्या कारखान्यात माणसांवर डाफरणारा, आणि फिट्सची गोळी मात्र आईच्याच हातून! फिट्सचे अम्माने लग्नाआधीच सांगितले होते, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. लग्न झाल्यापासून तिने एकही फिट पाहिली नव्हती. पण रोज जेवणानंतर मायलेक त्या खोलीत बसायचे, कुजबुजायचे, हसायचे. तिथे बायकोला जागाच नव्हती.

शेवटी तिने निक्षून सांगितले, "उद्यापासून गोळी मी देणार. नाहीतर मी चालले माहेरी, तंजावरला."

"ते सोडून काहीही माग," बालाजीराव म्हणाला.

अम्मानेच डबी पुढे केली. "देऊन टाक रे कन्ना, माझ्या बाळा. बायको आहे ती."

"आणि तुझं?"

"माझं मी बघते. शपथ आहे तुला, आता एक अक्षर बोलायचं नाही."

रम्या जिंकली. "आ करा," असे म्हणताना तिला लाजही वाटे आणि गुदगुल्याही होत. बालाजीराव मुकाट्याने गिळायचा.

अम्मा मात्र रुसली. आधी दारातले रांगोळीचे कोलम थांबले. रम्याने हौसेने दुप्पट मोठे काढले. मग अम्माची फिल्टर कॉफी तशीच निवू लागली. पुढे वेणीफणी सुटली, अंघोळही. बालाजीराव कंपनीच्या बसमधून उतरला की थेट तिच्या खोलीत जाऊ लागला. 'नाटकं नुसती,' रम्या मनात म्हणाली. मुलगा परत हवाय म्हातारीला!

एके रात्री जेवणानंतर रम्या स्वतःच गोळी आणि पाणी घेऊन अम्माच्या खोलीत शिरली. अम्मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. बालाजीराव जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात अम्माची उशी होती, आणि उशीखालच्या चादरीवर अम्माने न घेतलेल्या गोळ्या.

"आ करा," रम्या म्हणाली.

त्याने तोंड उघडले नाही.

"डॉक्टरांनी माझ्या गोळ्या लग्नाआधीच बंद केल्यात, रम्या. तुझ्या हातात आहे ती जीवनसत्त्वाची. आणि या रक्तदाबाच्या नाहीत, अम्माच्या मनाच्या आजाराच्या आहेत. तिच्या हातून मी गोळी गिळलेली पाहिल्याशिवाय ती तिची गिळत नाही."