सुनावणीच्या दिवशीची लाइट

पाहुण्यांनी घर पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. पाणी प्यायले, भिंतीवरच्या फोटोंवरून नजर फिरवली आणि मुलीचे वडील रतिलालभाऊ उठलेच. "चला, आधी शेत दाखवा."

मागच्या दारी चुलीवर मांड्यांचं मातीचं खापर तापलेलं होतं. नीलेशची आई भिकुबाई सकाळपासून पुरणपोळ्यांच्या मागे लागलेली. पाहुणे जेवून गेले म्हणजे सोयरीक जमली, न जेवता उठले म्हणजे आपण समजून घ्यायचं. पोराचं हे कितवं स्थळ, ते मोजणं तिनं कधीच सोडलं होतं.

मळ्यात शिरताच रतिलालभाऊंनी मोठा श्वास घेतला. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि केळीत मात्र डोक्यावर ओला पंचा टाकल्यासारखं गार. "वा! काय बाग राखलीय, आबा! असं आता राहिलंय कुठं?"

नीलेशच्या वडलांना, पितांबर आबांना, जरा बरं वाटलं. नवा पांढरा शर्ट घातलेला नीलेश वाकलेली पानं बाजूला सारत पुढे चालला होता. रतिलालभाऊ थेट बांधापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. पलीकडे उखर्डूचं शेत. म्हणजे होतं. आता तिथं मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा आणि कमानीवर पताका. उखर्डूच्या पोराचं लग्न माघातच उरकलं.

"आबा, तुमचं नव्या विकास आराखड्यात कसं आहे? हिरवामा शे का पिवळामा?"

पिवळं म्हणजे वस्तीचं. प्लॉट पाडा, बांधा, विका. हिरवं म्हणजे हरित पट्टा, शेतीच करत बसा. एवढं आता इकडे मुलीच्या आज्यांनासुद्धा पाठ झालंय.

"हिरव्यात," आबा म्हणाले.

"आणि हे शेजारचं?"

"तेही हिरव्यातच दाखवलं होतं. उखर्डूनं हरकत घेतली."

"तुम्ही नाही घेतली?"

"घेतली होती. सुनावणीला जाणं जमलं नाही."

"कमाल करता, आबा! धुळं काय विलायतेत आहे?"

आबांनी नीलेशकडे पाहिलं नाही. त्या दिवशी ते उखर्डूच्याच जीपमध्ये बसले होते, धुतलेली टोपी घालून. जीप चालू झाली आणि मळ्यातून नीलेशचा फोन आला, "आबा, लाइट उनी!" डीपी, म्हणजे मळ्याचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्यापासून मळ्याला पाण्याचा थेंब नव्हता, केळीनं माना टाकल्या होत्या. नवी डीपी बसली, लाइट आली खरी, पण फ्यूज सारखा उडायचा. एकानं डीपीजवळ आणि एकानं मोटरीपाशी उभं राहिल्याशिवाय पाणी काही निघायचं नाही. आबा जीपमधून उतरले. केळी वाचली. ज्यांनी साहेबांपुढे उभं राहून तोंडानं सांगितलं, त्यांची शेतं पिवळ्यात गेली.

"बागेला नाव ठेवायला जागा नाही," रतिलालभाऊ म्हणाले. "पण मी पोरीचा बाप आहे, आबा. मला उद्याचं पाहावं लागतं." मग घड्याळ पाहत म्हणाले, "जेवणाचं राहू द्या. दोंडाईचा गाठायचंय, उशीर होईल. दोन फण्या तेवढ्या द्या बरं का. घरी पिकवू."

नीलेशनं विळा घेतला. चांगला भरलेला घड पाहून दोन फण्या कापल्या. चीक छातीवर ओघळला. केळीचाच चीक तो, आता काळा पडणार आणि कुठल्या साबणानं निघायचा नाही.

"अरे अरे, नवा शर्ट!" रतिलालभाऊ हळहळले.

"काही नाही होत," नीलेश म्हणाला. फण्या त्यानं स्वतः नेऊन गाडीत ठेवल्या.

गाडी गेली. आबांना वाईट वाटायला हवं होतं, राग यायला हवा होता, निदान लाज तरी. काहीच येईना. बधिर झालेल्या पायाला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आतून झालं होतं. खिशातला फोन वाजला. घरून भिकुबाई विचारत होती, "कितला ताट वाढू?" आबांनी फोन नीलेशच्या हातात दिला. नीलेशनं तो बंद केला.

दोघं मोटरीच्या खोलीपाशी बसून राहिले. बऱ्याच वेळानं दारावरचा बल्ब लागला, लाइट आली. दोघांनीही पाहिला. उठलं कोणीच नाही.

"त्या रोज मी फोन कराले नको व्हता, आबा," नीलेश म्हणाला. तो बल्बकडेच बघत होता.

"कोन्ता फोन?" आबा गुडघ्यांवर हात रेटून उठले. "तुन्हा फोन येवाना पहिलेच मी जीपमाईन उतरी जायेल व्हतू. जाय, डीपीजोडे उभा ऱ्हाय."

नीलेश उठला आणि डीपीकडे गेला.

आबांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं.