बासष्ट टक्के

ऑफिसात कुणाचा कॉम्प्युटर अडला की शर्वरी फणकारायची, "अपडेट टाळता कशाला?" त्याच तोऱ्यात आज तिने स्वतःच्या फोनवरही अपडेटचं बटण दाबलं, आणि मग तिला आठवलं.

लेकीच्या शाळेत आज धावण्याच्या शर्यती होत्या. मधुमेही पोरीच्या दंडावरच्या सेन्सरमधून साखरेचा आकडा याच फोनवर यायचा. तो घसरला की शर्वरी वर्गाच्या बाईंना कळवायची. आता काळ्या पडद्यावरचे बासष्ट टक्के हलायला तयार नव्हते. ऑफिसच्या फोनवरून तिने शाळेत तीनदा लावून पाहिलं. कुणी उचलेना.

स्कूटर दामटत ती पोचली. लेक मैदानाच्या पायरीवर लिमलेटची गोळी चघळत बसली होती.

"हात कापायला लागले तरी बाई थांबवेनात. मग मीच बोट टोचून पाहिलं. साखर उतरली होती."

शर्वरीच्या मुठीत फोन गुरगुरला. अपडेट पूर्ण झालं होतं. खाली लिहिलं होतं, 'साखरेचं ॲप यापुढे या फोनवर चालणार नाही.'

लेकीने दुसरी गोळी तिच्यापुढे धरली.

"आई, तुझीही उतरलीय. हात बघ किती कापतायत."